आईच्या पलंगासमोरच्या विटा

इनव्हर्मे, ३ जून

ब्रेट,

नाही, आता तू गप्प बस आणि ऐक. तीन ओळी खरडतोस, खाली सही ठोकतोस, जसा काही तू न्यायाधीश आणि आम्ही पिंजऱ्यात. 'त्या विटांना रंग लागला तर मी दारातूनच परत फिरेन.' फिर ना. तुला कुणी अडवलंय? बाबांचा अंत्यविधी आटपल्यावरही घराच्या दारातूनच फिरला होतास. आईच्या डोळ्यात पाणी नाही म्हणून रागावून. कुणाच्या डोळ्यात किती पाणी हे मोजायला नेमलंय तुला?

फोन तू घेत नाहीस. पत्र लिहावं तर तुझ्या त्या अँडामूका गावच्या पोस्टात पडून राहतं, तू वर उजेडात येशील तेव्हा मिळतं. तिथे जमिनीखाली खोली खोदून राहतोस, ओपलचे खडे सापडतील म्हणून घुशीसारखा माती उकरतोस. ज्याच्या घराला खिडकीच नाही त्याने टास्मानियातल्या आमच्या भिंतीचा रंग ठरवायचा. कमाल आहे तुझी.

तर. पुन्हा एकदा सांगते, शांतपणे. (शांत नाहीये मी. पण सांगते.)

आईची फुप्फुसं संपत आलीत. डॉक्टर तारीख सांगत नाही, नुसतं 'हिवाळा अवघड आहे' म्हणतो. मागच्या खोलीत ओल चढली होती, भिंतीला हात लावला तर बोटं काळी व्हायची. नदी आपल्या बुडाशीच आहे, तुला माहितीय. म्हणून मी तिचा पलंग पुढच्या खोलीत आणला. ऑक्सिजनचं यंत्र दाराशी, हीटर खिडकीखाली, त्यामुळे पलंग एकाच बाजूने बसतो. डोकं दाराकडे, पाय त्या फायरप्लेसकडे. म्हणजे डोळे उघडले की समोर बाबांनी बांधलेली शेकोटी. जमिनीपासून छतापर्यंत विटाच विटा. आत विस्तव पेटून सहा वर्षं झाली, आणि आता ऑक्सिजनच्या जवळ पेटवायचा प्रश्नच नाही. काळं तोंड उघडून नुसती उभी आहे.

पहिल्याच दिवशी म्हणाली, "मेरिडी, हे पांढरं कर."

"काय पांढरं करू?"

"हे. तुझ्या बापाचं कर्तृत्व."

"अख्खं?"

"नाही, अर्धं. अर्धं तुझ्या लग्नात देते तुला." मग दम घेतला. हल्ली ती वाक्य तोडून बोलते, मधे नळीचा सूं सूं आवाज येतो. "अख्खंच, म्हणजे काय. मला ते बघत... मरायचं नाही."

आणि त्याच दमात, "ब्रेट कधी येतोय?"

ब्रेट, तिला या जगात आता दोनच गोष्टी हव्यात. ती भिंत पांढरी व्हावी आणि तू यावंस. आणि तू एकीच्या बदल्यात दुसरी मागतोयस. हे तुला दिसत नाहीये की दिसून न दिसल्यासारखं करतोयस?

घर बाबांनी आपल्या दोघांच्या नावावर केलं, आई असेपर्यंत तिचं. म्हणून तुला विचारलं. न विचारता डबा उघडला असता तर तुला पत्ताही लागला नसता. विचारलं हीच चूक झाली बहुतेक.

तुझी अट मी तिला सांगितलेली नाही. सांगणार पण नाही. ती विचारते तेव्हा मी म्हणते, 'त्याचं काम आटपलं की येतो म्हणालाय.'

मेरिडी


१६ जून

ब्रेट,

दोन पानं! शाळेत असताना तरी कधी लिहिली होतीस का?

वाचलं सगळं. 'आईला ती शेकोटी आवडायची. दर शुक्रवारी गुडघ्यावर बसून लाल मेण चोळायची, चेहरा दिसेल इतकी चकाकवायची. न आवडणाऱ्या गोष्टीसाठी कुणी एवढं करतं का? हे आता तुझंच डोकं चाललंय, मेरिडी, मासिकं वाचून. तुला पांढऱ्या भिंती हव्यात.'

मासिकं मी वाचते, खरंय. पण मुद्दा तुझा बरोबर होता म्हणून खटकला. मलाही आठवतं. शुक्रवारी शाळेतून आलो की पुढच्या खोलीत जायला बंदी. मेणाचा तो उग्र वास. आपल्या गल्लीत सगळ्याच बायका दाराची पायरी आणि शेकोटीचा कट्टा लाल करायच्या, ज्या घराचा कट्टा फिका त्या बाईबद्दल बोललं जायचं. पण आई कट्ट्यावर थांबायची नाही. वर, हात पोचेल तिथपर्यंत जायची. बाकीच्या बायका तेवढं करायच्या नाहीत.

म्हणून मी सरळ जाऊन विचारलं. "आई, आवडत नव्हती तर इतकं पॉलिश का करायचीस?"

"मळायची म्हणून."

"वर छातीपर्यंत मळायची?"

तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

आता एक सांगते, चिडू नकोस. चिड खरं तर. मी छोटा डबा आणून खालच्या कोपऱ्यात ब्रश मारून बघितला. नुसतं बघायला. तुझ्या परवानगीशिवाय, हो. तर रंग बसेचना! बदकाच्या पाठीवर पाणी टाकल्यासारखे थेंब थेंब. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर नख लावलं तर दुधावरची साय निघावी तसा अख्खा पापुद्रा हातात.

नेमकी तेव्हाच समोरची वॅल आली, शिंपल्यांचं सारण भरलेली पेस्ट्री घेऊन. तीच ती वॅल, आपले चेंडू परत न देणारी. आता विधवा झालीय आणि फार प्रेमळ. माझ्या हातातला पापुद्रा बघून पोट धरून हसली.

"अगं खुळे, मेणावर कधी रंग बसतो का? तुझ्या आईने इतकी वर्षं त्या विटांना मेण पाजलंय! त्या आता विटा नाहीत, मेणबत्त्या आहेत."

"मग काय करू?"

"मला काय विचारतेस? तुझ्या बापाला विचार, डेसला. बसला असेल वर, ओळंबा सोडून ढग सरळ आहेत का बघत."

आई पलंगावरून म्हणाली, "ढग पाडून... परत बांधायला लावेल."

दोघी हसल्या. मग आईला खोकला आला आणि हसणं थांबलं. तिचे ओठ पुन्हा गुलाबी होईपर्यंत वॅल माझा हात इतका घट्ट धरून उभी होती की वळ उठले.

रंगाच्या दुकानातला माणूस म्हणाला टर्पेंटाईनने मेण काढा. नर्स म्हणाली, ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत टर्पेंटाईन? डोकं ठिकाणावर आहे का? पेशंटला आठवडाभर दुसरीकडे हलवा, मग काय हवं ते करा. आई म्हणाली, "मी या घरातून एकदाच जाणार. रंगासाठी नाही."

तेव्हा झालं, म्हटलं. तू जिंकलास. मी आईला सांगितलं, होत नाही गं, तुझंच मेण आड येतंय.

"सोड्याने निघतं," ती म्हणाली. "धुण्याचा सोडा. उकळतं पाणी. आणि घासायचं."

"तुला काय माहीत?"

"ज्याने लावलं त्याला... काढायचं कसं ते माहीत असतं."

रंग लावलेला नाही. नुसतं मेण काढतेय. मेण काढण्याबद्दल तुझी काही अट नव्हती.

मेरिडी


२९ जून

ब्रेट,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

माझे हात बघशील तर ओळखणार नाहीस. सोड्याने सालं निघालीत. शाळेच्या कँटीनमधून दुपारी घरी येते, बादली उकळते आणि घासते. पाणी लाल होतं, अगदी बीट उकडल्यासारखं. आई पलंगावरून मुकादमगिरी करते. 'तिथे राहिलं.' 'कोपऱ्यात ब्रश उभा धर.' 'तुझ्या आजीने पाहिलं असतं तर... रडली असती.' मला वाटलं होतं कंटाळेल, झोपेल. झोपत नाही. माझ्या हातामागे तिचे डोळे फिरतात.

मेण गेल्यावर खालून विटा निघाल्या. आपण कधी बघितल्याच नव्हत्या रे. आपल्याला वाटायचं सगळी एकसारखी लाल आहे. नाहीये. अर्ध्या विटा खंगर आहेत, भट्टीत जास्त भाजून जांभळ्या पडलेल्या, फोड आलेल्या. काही नारिंगी, काही पिवळट. वीटभट्टीवर टाकून दिलेला माल. बाबांनी फुकट उचलून आणला असणार. डेस पिअर्सॉल, ज्या गवंड्याचं काम लोक कौतुकाने दाखवायचे, त्याने स्वतःच्या घरात हा कचरा रचला. पण रचलाय असा की दोन विटांमध्ये नख जात नाही. इतक्या वेड्यावाकड्या विटा आणि थर बघावा तर पाण्यासारखा सपाट.

डाव्या कोपऱ्याचं मेण निघालं तेव्हा आई म्हणाली, "दिवा इकडे कर."

केला. बराच वेळ बघत होती.

"इथे खिडकी होती," ती म्हणाली.

मला वाटलं भ्रम होतोय. ऑक्सिजन कमी पडला की होतो. मी यंत्राकडे बघितलं.

"यंत्र ठीक आहे. वेडी नाही झाले. इथे... खिडकी होती. तुला आठवणार नाही, तू तीन वर्षांची. ब्रेटला आठवेल."

तुला आठवते?

तुला सांगितलं होतं आईचं अपेंडिक्स काढलं. चौऱ्याहत्तरचा हिवाळा. तू नऊ वर्षांचा होतास, मला वॅलकडे ठेवलं होतं, आणि तू शाळा बुडवून आठवडाभर बाबांच्या हाताखाली चुना-सिमेंटचा माल कालवलास. तुझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला आठवडा, तूच म्हणतोस. बाबांच्या अंत्यविधीला तेच बोललास, सगळ्यांसमोर, आणि लोक रडले. आई नाही रडली.

अपेंडिक्स नव्हतं ते. पूर्ण दिवस भरले होते. मुलगी होती.

आईने बघितली नाही. दाखवलीच नाही. तेव्हा तसंच करायचे, सगळीकडे. चादर वर धरली, पलीकडून कुणीतरी काहीतरी उचलून नेलं, दार लागलं. रडण्याचा आवाज आला नाही म्हणून तिला कळलं. कुठे पुरलं ते बाईला सांगत नसत. नवऱ्याला सांगायचे, घरी जा, हाताला काम ठेवा, विषय काढू नका, पुढच्या वर्षी दुसरं होईल.

तर बाबा घरी आले आणि त्यांनी हाताला काम ठेवलं.

खिडकीखालचा तो कोपरा आईने बाळासाठी तयार केला होता. स्वतः, इतकं मोठं पोट घेऊन, स्टुलावर चढून. खिडकीची चौकट पांढरी. भिंत पांढरी. पाळणा दुसऱ्यांकडचा जुना आणला होता, तोही पांढरा केला. ती घरी आली तेव्हा पाळणा नाही, खिडकी नाही, पांढरं काही नाही. जमिनीपासून छतापर्यंत जळक्या विटा. आणि तू, तोंडाला सिमेंट, उड्या मारत, 'आई बघ, आई बघ, आम्ही बांधली!'

बाबा म्हणाले, "आता घर उबदार राहील, नोल."

ती म्हणाली, "हो."

संपलं. ब्रेट, त्या बाळाबद्दल या घरात त्यांच्यात बोललं गेलं ते एवढंच. घर उबदार राहील. हो. पुढची सगळी वर्षं.

हे सगळं तिने मला एका दुपारी नाही सांगितलं. तीन-चार दिवस लागले, अर्धं वाक्य आज, अर्धं उद्या. मी घासत राहिले. तोंड भिंतीकडे होतं ते बरं झालं.

शेवटी मी विचारलंच. पाठ वळवून. "मग मेण कशाला चोळायचीस, आई? त्याच कोपऱ्याला?"

नळीचा आवाज तेवढा. वाटलं झोपली.

"दुसरीकडे कुठे गुडघे टेकणार होते मी?" ती म्हणाली.

मी बादली घेऊन मागच्या अंगणात गेले आणि लाल पाणी गटारात ओतलं. परत यायला जरा वेळ लागला.

तू म्हणशील हे मी वाद जिंकायला लिहिलं. हो, जिंकायलाच लिहिलंय. तिच्यासाठी एकदा तरी कुणीतरी जिंकायला नको?

तिला अजून पांढरंच हवंय. मी विचारलं, सगळं बोलून झाल्यावर, की आता तरी राहू द्यायचं का. म्हणाली, "मी काय... गोष्ट सांगत होते का तुला? रंग आण."

मेरिडी


७ जुलै

तुझं पत्र नाही. आज आईने जेवण परत पाठवलं. आधी पॅनकेक मागितला, मग नको. 'ब्रेटला पॅनकेक आवडतात' म्हणाली. तुला आवडतात का अजून? मला माहीत नाही तुला काय आवडतं.


१२ जुलै

ब्रेट,

आलं. पाकिटातून माती पण आली, लाल. ती आईच्या ताटलीत काढून ठेवलीय, तिने मागितली म्हणून.

मी दोनदा वाचलं आणि मग तिला वाचून दाखवलं. तू म्हणाला नव्हतास दाखव म्हणून. नको म्हणूनही लिहिलं नव्हतंस.

तू बाळाबद्दल एक शब्द लिहिला नाहीस. आईबद्दल पण नाही. सगळं पत्र मालाबद्दल. आधी राग आला. मग कळलं.

'बाबांनी डावा कोपरा तीनदा पाडला,' तू लिहिलंस. 'रचायचे, ओळंबा लावायचे, उभे राहून बघायचे आणि हाताने ढकलून द्यायचे. ओल्या विटा पुन्हा पुसायच्या, पुन्हा सुरुवात. काही बोलत नव्हते. मला वाटलं माझा माल पातळ होतोय. मी चुना जास्त घातला, वाळू चाळून घातली, हात फाटले. दुसऱ्यांदा पाडला. मी परसात जाऊन रडलो आणि येऊन पुन्हा कालवला. तिसऱ्यांदा पाडल्यावर बाबा त्या जागी तळवा टेकून उभे राहिले, पाठ माझ्याकडे, कितीतरी वेळ. मग चौथ्यांदा रचला. मी विचारलं, आता बरोबर आहे का माल? म्हणाले, चालेल. आयुष्यभर त्यांनी मला म्हटलेलं चांगलं तेवढंच, मेरिडी. चालेल. आणि आता तू म्हणतेस तिथे खिडकी होती. हो. होती. मीच तिच्या काचा काढून दिल्या त्यांना.'

ब्रेट, तुझा माल बरोबर होता.

मी नुसतं बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. पत्र वाचून झाल्यावर मी खिळा घेतला आणि डाव्या कोपऱ्याचा सांधा खरवडून बघितला. कणसुद्धा निघाला नाही. उजवीकडे, जिथे बाबांनी पुढे स्वतः डागडुजी केली, तिथे भुगा पडतो. तुझ्याकडे नाही पडत. नऊ वर्षांच्या पोराने कालवलेला माल आहे तो. कोपरा पाडत होते ते मालासाठी नाही. तिथे काही बांधायचा धीर होत नव्हता माणसाचा.

आई ऐकताना छताकडे बघत होती.

"तीनदा?" ती म्हणाली.

"तीनदा लिहिलंय."

"डेस कधी... एकदा रचलेलं पाडायचा नाही. लोकांकडे... पैज लावायचा." मग, "मला वाटलं होतं त्याला..." पुढे बोलली नाही. दम संपला की शब्द, मला नाही माहीत. 

आणि तू येतोयस! वीस तारखेला निघतो, गाडीने मेलबर्नपर्यंत, तिथून गाडीसकट बोट. मी तिला सांगितलं तर म्हणाली, "दाढी करून ये म्हणावं." म्हणजे तुला कळावं म्हणून सांगते, हा आनंद आहे.

तू एकच मागितलंस. अट नाही, यावेळी मागितलंस. 'मी एकदा उघड्या विटा बघेपर्यंत रंग लावू नकोस. मग मी स्वतः ब्रश धरेन.' बरं. थांबते. वचन.

मेरिडी


२४ जुलै, फाटकापाशी

ब्रेट,

आत जाऊ नकोस. आधी हे वाच. फाटकाला अडकवलंय म्हणजे दिसेलच, आणि तू वाचल्याशिवाय कडी काढू नयेस म्हणून कडीवरच बांधलंय. फाटक कुरकुरतं, तिला ऐकू जातं.

रंग लागलाय.

वचन मोडलं मी. तुझी बोट परवा रात्री सुटायला हवी होती. समुद्र खवळला म्हणून सुटली नाही. तू फोन केलास (तू फोन केलास!) आणि म्हणालास एक दिवस उशीर, काय फरक पडतो. मी म्हटलं, काही नाही. तेव्हा नर्स माझ्या शेजारीच उभी होती, आणि तिने आदल्या तासाला मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं होतं की आता एकेका दिवसाचा भरवसा नाही. हे मी तुला फोनवर बोलले नाही. तू भर समुद्राकाठी उभा राहून काय करणार होतास?

काल सकाळी धुकं लवकर विरलं. तुला आठवतं ना, आपल्याकडे हिवाळ्यात दुपारपर्यंत नदीवरून उठत नाही. काल उठलं. ऊन थेट खोलीत, शेकोटीच्या डाव्या बाजूला. आईने डोळे उघडले, अगदी स्वच्छ, आणि म्हणाली, "आज लाव."

"उद्या ब्रेट येतोय ना, आई. तो लावणार आहे."

"आज दिसतंय मला."

 तिने विचारलं, "ब्रेटचं... काय म्हणणं आहे?"

ब्रेट, तिने आजपर्यंत हे विचारलं नव्हतं. कधीच नाही. मला वाटतं तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की तू अडवलंयस. मी एवढ्या खोट्या गोष्टी सांगितल्या, ती सगळ्या ऐकून घेत होती.

मी म्हटलं, "तो म्हणाला, लाव."

"ब्रेट म्हणाला?"

"हो."

"लाव म्हणाला?"

"लाव म्हणाला."

तिने डोळे मिटले. चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. मग एक डोळा उघडून म्हणाली, "मग बघतेस काय... गाढवे, ब्रश घे."

वॅलला हाक मारली. ती वरून, मी खालून. विनावासाचा रंग, नर्सने डबा वाचून हो म्हटल्यावरच उघडला. खिडकी सताड उघडी, आईवर चार ब्लँकेट आणि बाबांची लोकरीची टोपी. रंग बसला. पहिल्या हातात खंगर विटा खालून जांभळ्या दिसत राहिल्या, जणू कुणाला मार बसलाय. दुसरा हात दिला. वॅल एकदाही हसली नाही. आई शेवटपर्यंत जागी.

तू विचारशील म्हणून सांगते. डाव्या कोपऱ्यातल्या काही विटा मी सोडल्या होत्या. तुझ्यासाठी. खाली, कुणाला दिसू नयेत अशा. वाटलं तेवढ्या राहू देत, तो येऊन हात लावेल. तर पलंगावरून आवाज आला, "तिथे राहिलं." मी ऐकलं नाही असं केलं. पुन्हा म्हणाली, "मेरिडी, तिथे राहिलं." मग लावला. एकही वीट उरलेली नाही. फोटोही काढला नाही, सुचलंच नाही. तुझा कोपरा कसा होता ते आता तुझ्या माझ्या डोक्यात आहे फक्त, आणि माझ्या हाताला.

तू बघायला हवा होतास. ते तुझं हक्काचं होतं आणि मी घेतलं. माफी मागत नाहीये. तुला दाखवायला थांबले असते तर तिचं बघायचं राहिलं असतं, दोघांपैकी एकालाच मिळणार होतं, आणि मी तिला दिलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तिलाच देईन. यावर तू मला आयुष्यभर शिव्या घाल, पण नंतर, आणि बाहेर.

आत्ता ती जागी आहे. सकाळपासून भिंतीकडे बघतेय. ऊन आलं तेव्हा भिंतीवरचा उजेड तिच्या तोंडावर पडला. इतके दिवस त्या खोलीत तिचा चेहरा मी असा बघितलाच नव्हता. बोलणं जवळजवळ थांबलंय. एखादा शब्द.

तर ऐक. तुला परत फिरायचं असेल तर इथून फिर. खरंच. फाटकाला हात न लावता. मी तिला सांगेन बोट अजून सुटली नाही, आणि ती ऐकून घेईल, तिला सवय आहे. मला ते चालेल. पण आत जाऊन, दारात उभा राहून, तुझा चेहरा पडलेला तिने बघितला, तर ते मला चालणार नाही. तिने अशी दारात उभी माणसं खूप बघितलीत.

आत जाणार असशील तर सिगारेट आणि लायटर या खांबावर ठेव, ऑक्सिजन चालू आहे. वॅल स्वयंपाकघरात बसलीय, तिला सांगितलंय की गप्प राहा, बघू जमतं का. पलंगाच्या उजवीकडे खुर्ची आहे. बस. हात हातात घे, थंड असेल, दचकू नकोस. ती तुला भिंतीबद्दल विचारणार आहे. सकाळपासून श्वास वाचवून ठेवतेय त्या एका प्रश्नासाठी, मला माहितीय. 'कसं दिसतंय' असं विचारेल. आणि तिला वाटतंय की तू लाव म्हणाला होतास.

ते मी म्हटलं होतं. तुझ्या तोंडून. आता ते खरं करायचं की खोटं, हे तुझ्याकडे.

काय म्हणालास ते मला कळवू नकोस. खरंच नको. मी बांधावर जातेय, नदीकडे, ओहोटी आहे, चिखलाचा घाण वास येतोय, तिथे कुणी नसतं.

कोपऱ्यावर गाडी वळली. तुझीच असणार, एवढी लाल धूळ इथे दुसऱ्या कुणाच्या गाडीवर नसते. पेन्सिल इथेच ठेवते.

निघाले.